थोरांच्या यादीपलीकडे

मुलाला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की काही दिवसांतच घरच्यांच्या कानावर एक यादी येते. तिच्यात आइनस्टाइन असतो, न्यूटन असतो, मोझार्ट असतो आणि आपल्याकडचे रामानुजन असतात. यादी सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. खचू नका, अशीच मुलं पुढे जगाला दिपवतात, असं त्याला म्हणायचं असतं. हे पुस्तक त्या यादीविषयी आहे. ती कुणी केली, कशाच्या आधारावर केली, तिच्यातली कोणती नावं पुराव्यासमोर टिकतात, कोणती टिकत नाहीत आणि तिच्याबाहेर कोण राहून गेलं, हे पुढच्या प्रकरणांत पाहिलं आहे.

मी हे लिहिते आहे ते दिल्लीच्या सरोजिनी नगरात. बाहेरच्या माणसाला हे नाव स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे ठाऊक असतं. आमच्यासाठी ही केंद्र सरकारच्या नोकरदारांची वसाहत, पूर्वीचं विनय नगर. शेजारी लक्ष्मीबाई नगर, नौरोजी नगर, नेताजी नगर; रिंग रोडवर सफदरजंग रुग्णालय आणि त्याच्या समोर एम्स. इथल्या मराठी घरांत वर्षभर पाहुणे असतात आणि त्यांतले बरेचसे दिल्ली पाहायला आलेले नसतात. गावाकडून कुणाला तरी ‘एम्सला दाखवायला’ आणलेलं असतं. आमचा मुलगा लहान असताना आम्हीही त्या रांगांत उभे राहिलो. पुढे इतरांच्या मुलांबरोबर जाऊ लागलो. अकोल्याहून, लातूरहून, बेळगावहून आलेले आईवडील आमच्या पुढच्या खोलीत बसून तेच प्रश्न विचारत: बोलेल का, शाळेत घेतील का, आमच्यामागं कोण बघेल. ती यादीही त्यांना आधीच कुणीतरी ऐकवलेली असे. त्यांतल्या एका आईने मला विचारलं, “ताई, आइनस्टाइनला खरंच होता का हो हा आजार?” तिला धड उत्तर देता यावं म्हणून मी वाचायला लागले. माझी नोकरी जुन्या सरकारी कागदपत्रांची. कुठलाही दावा समोर आला की मूळ कागद कोणता, हे विचारायची सवय हाताला लागलेली. तीच सवय या विषयाला लावली.

गेलेल्या माणसांमध्ये ऑटिझम शोधणं हाच मुळात उपद्व्याप आहे, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. ऑटिझम ही मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची वेगळी वाट आहे. तिचं निदान मात्र अगदी अलीकडचं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी हा शब्द १९११च्या आपल्या ग्रंथात वापरला, पण तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरांनी १९२५मध्ये सहा मुलग्यांचं जे वर्णन केलं ते आजच्या ऑटिझमच्या अगदी जवळ जातं, पण पश्चिमेत ते कित्येक दशकं दुर्लक्षित राहिलं. १९४३मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांचा प्रबंध छापला गेला. आस्परगर यांचं नाव इंग्रजी जगात रुळलं ते लोर्ना विंग यांच्या १९८१च्या लेखामुळे. १९९४मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेत आस्परगर सिंड्रोमला वेगळी जागा मिळाली आणि २०१३मध्ये तीच पुस्तिका बदलून सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एका नावाखाली आलं.

आपल्या देशात तर याहून उशीर झाला. दिल्लीत पालकांच्या पुढाकारातून ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१मध्ये उभी राहिली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत त्याची गणना केली. म्हणजे आज साठी ओलांडलेल्या एखाद्या ऑटिस्टिक काकांच्या बालपणी त्यांच्या आईला सांगता येईल असं नावच सहसा कुणाकडे नव्हतं. ते काका घरातले ‘विक्षिप्त’ ठरले किंवा ‘अर्धवट’ ठरले. त्यांच्याआधीच्या शेकडो पिढ्यांत अशी माणसं नव्हती असं कोण म्हणेल? ती होती. त्यांना शोधणं हे इतिहासाचं रास्त काम आहे. प्रश्न एवढाच, की आपण त्यांना कुठे शोधतो आणि कशासाठी.

आजवरचा शोध मुख्यतः थोरांमध्ये झाला. २००३मध्ये केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन आणि ऑक्सफर्डचे गणितज्ञ आयोन जेम्स यांनी न्यूटन आणि आइनस्टाइन यांच्याबद्दलचा तर्क मांडला आणि तो वर्तमानपत्रांतून जगभर गेला. आयर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल फिट्झगेराल्ड यांनी २००४च्या पुस्तकात तत्त्वज्ञ विटगेन्स्टाइन, आयरिश नेते डी व्हॅलेरा यांच्यासोबत रामानुजन यांनाही घेतलं. आपल्याकडे हीच तऱ्हा २००७च्या ‘तारे जमीन पर’मुळे घरोघरी पोचली. त्यातले शिक्षक वर्गात डिस्लेक्सिया असलेल्या थोरांची नावं सांगतात आणि त्यांतही आइनस्टाइन आहेच. एकाच माणसावर दोन वेगवेगळी निदानं हक्क सांगतात, तेव्हा तरी आपण थांबून पुरावा मागायला हवा.

तो मागितला की काय दिसतं? आइनस्टाइन उशिरा बोलला, हा सगळ्यात जुना आधार. खुद्द आइनस्टाइननेच म्हातारपणी एका पत्रात तसं लिहिलं आहे. पण त्याची धाकटी बहीण माया जन्मली १८८१च्या नोव्हेंबरात, म्हणजे तो पावणेतीन वर्षांचाही नव्हता. आपल्या आठवणींत माया सांगते, की नवजात बहीण दाखवल्यावर त्याने विचारलं, हिची चाकं कुठे आहेत. खेळणं मिळणार असं त्याला वाटलं होतं. पावणेतीन वर्षांचं मूल असा प्रश्न विचारत असेल, तर त्याचं बोलणं मागे पडलं होतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय आयुष्यभराचे मित्र, पत्रांतला विनोद, राजकारणातला सहभाग, हे सगळं दुसऱ्या पारड्यात आहेच. न्यूरॉलॉजिस्ट आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी आइनस्टाइन, न्यूटन आणि विटगेन्स्टाइन यांच्याबाबतचा पुरावा अगदी तोकडा ठरवला आहे.

सॅक्स यांना भक्कम वाटला तो हेन्री कॅव्हेंडिशचा पुरावा. हायड्रोजन ओळखणारा, १७९८मध्ये पृथ्वीची घनता मोजणारा हा शास्त्रज्ञ घरातल्या मोलकरणींशी बोलत नसे. जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवी. मोलकरीण समोर येऊ नये म्हणून त्याने घराला दुसरा जिना बांधून घेतला होता. नवख्या माणसाने ओळख काढली की तो पळ काढी. ही वर्णनं एकाच माणसाने केलेली नाहीत. निरनिराळ्या समकालीनांनी निरनिराळ्या प्रसंगी केलेली आहेत आणि ती एकमेकांशी जुळतात. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. त्यांतल्या बऱ्याच आठवणी जॉर्ज विल्सनच्या १८५१च्या चरित्रातून येतात आणि कॅव्हेंडिश वारला १८१०मध्ये. त्याच्या बालपणाबद्दल तर जवळजवळ काहीच नोंद नाही, आणि ऑटिझमचं निदान बालपणाच्या हकिकतीवाचून होत नाही. शक्यता मोठी आहे, इतकंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

कॅव्हेंडिशच्या जिन्यावर मी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. तो ड्यूकचा नातू होता, इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होई. माणसं टाळण्यासाठी त्याला जिना बांधता आला, वेगळ्या घरात ग्रंथालय ठेवता आलं, रोजच्या खाण्याची भ्रांत नव्हती. तोच स्वभाव घेऊन तो लंडनच्या एखाद्या हमालाच्या पोटी जन्मला असता तर? भोवतालची रचना बदलली की त्याच माणसाची कुवत बदलते. आमच्या वसाहतीत हे मी जवळून पाहिलं. जुन्या दुमजली क्वार्टर्सच्या दिवसांत ओळखीतला एक मुलगा रोज सकाळी एकटा मदर डेअरीच्या बूथवर जाऊन दूध आणी. कोपऱ्यावरचा जांभूळ, बागेचं फाटक, मग बूथ, असा त्याचा रस्ता ठरलेला होता. पुनर्विकास सुरू झाला, कुटुंबं दुसरीकडे हलली, आणि नव्या जागी तो मुलगा कितीतरी काळ उंबऱ्याबाहेर पडेना. निदान तेच होतं, मुलगाही तोच होता. माणसाचा इतिहास लिहिताना त्याच्याभोवती कोणता जिना होता, कोणता रस्ता होता, हे विचारल्याशिवाय लिहिणं अपुरं राहतं.

रामानुजन यांच्याबाबत हा प्रश्न आणखी महत्त्वाचा होतो, कारण त्यांचा भोवताल आणि त्यांना पाहणाऱ्यांचा भोवताल वेगळा होता. केंब्रिजला त्यांनी काही भारतीय मित्रांना जेवायला बोलावलं. स्वतः रांधलं, स्वतः वाढलं. पाहुण्यांनी आणखी घ्यायला नकार दिला तेव्हा ते उठून बाहेर गेले ते थेट ऑक्सफर्डला, आणि काही दिवसांनी परतले. निदान करणाऱ्याला यात सामाजिक संकेतांची जाण नसलेला माणूस दिसतो. पण पंक्तीत आग्रहाने वाढणाऱ्या घरात जो वाढला आहे, ज्याने पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत परदेशात शाकाहारी जेवण उभं केलं आहे, ज्याला घरून बायकोची पत्रं मिळेनाशी झाली आहेत, त्याला ताट नाकारलं जाणं किती लागेल, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. दुसरी हकिकत संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. रामानुजन रात्री थंडीने काकडत, कोट अंगावर घेऊन झोपत. महालनोबिस यांनी खोलीत जाऊन पाहिलं तर पलंगावर ब्लँकेटं नीट खोचलेली होती. त्यांच्या आत शिरून झोपायचं असतं हे रामानुजन यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दुरून पाहणाऱ्याला जे विचित्र वाटलं असतं ते जवळ गेलेल्या मित्राने एका मिनिटात सोडवलं. चरित्रांतल्या किती ‘लक्षणां’मागे अशी न सांगितलेली ब्लँकेटं असतील!

आपल्या मातीतलं उदाहरण म्हणून काहीजण द. रा. कापरेकर यांचं नाव सुचवतात. डहाणूत १९०५मध्ये जन्मलेले, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारे, ६१७४ या स्थिरांकाला ज्यांचं नाव मिळालं ते कापरेकर. संख्यांशी खेळण्यात हा माणूस जन्मभर रमला, आपली पुस्तकं स्वतःच छापून घेत राहिला. समकालीन गणितज्ञांनी त्यांना फारसं गांभीर्याने घेतलं नाही आणि १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाचं लक्ष गेलं. त्यांच्यावर ऑटिझमचं नाव ठेवायला मी नकार दिला आहे. हाती असलेला एकमेव आधार म्हणजे संख्यांवरचं प्रेम, आणि प्रेम हे लक्षण होऊ शकत नाही. उलट परिषदांना जाणारे, शाळा-कॉलेजांत मुलांसमोर संख्यांची गंमत उलगडणारे कापरेकर अनेकांनी पाहिले आहेत. एखाद्या विषयात बुडालेल्या प्रत्येक माणसाला हे नाव द्यायचं ठरवलं, तर ज्यांना ऑटिझममुळे बोलता येत नाही, आवाजाने कानठळ्या बसतात, शर्टाच्या लेबलाने अंग भाजल्यासारखं होतं, त्यांच्या अडचणी कुणाला दिसणारच नाहीत.

आता या पुस्तकातलं सर्वांत जड प्रकरण. थोरांची यादी करण्यामागे एक न बोललेलं गणित असतं: या मुलांना जपा, कारण त्यांच्यातून कुणीतरी उपयोगी निघेल. हे गणित पूर्वी एकदा मांडलं गेलं आहे आणि त्याचं उत्तर भयंकर आलं आहे. हान्स आस्परगर आपल्या हुशार मुलांना छोटे प्रोफेसर म्हणत. नाझी राजवटीत त्यांनी या मुलांचा बचाव केला, अशी त्यांची ख्याती होती. २०१८मध्ये इतिहासकार हेर्विग चेक यांनी व्हिएन्नातल्या दप्तरांतून दुसरी बाजू पुढे आणली आणि त्याच वर्षी एडिथ शेफर यांचं पुस्तक आलं. ज्या मुलांचा उपयोग होणार नाही असं ठरलं, त्यांतल्या काहींना आस्परगर यांच्या शिफारशीने ‘आम श्पीगलग्रुंड’ या संस्थेत पाठवलं गेलं. तिथे सुमारे आठशे मुलं मेली. उपयोगी आणि निरुपयोगी अशी वाटणी करणारी रेघ एकाच हाताने ओढली होती. म्हणून कुणी पालकांना धीर देताना आइनस्टाइनचं नाव घेतं तेव्हा मी आता नम्रपणे थांबवते. ज्याला गणित येणार नाही, जो बोलणार नाही, ज्याला आयुष्यभर आंघोळीला मदत लागेल, त्या मुलाची किंमत कुठल्याही शास्त्रज्ञाच्या नावावर तारण ठेवायची नाही. माझ्या सगळ्या शोधाचं सार एवढंच आहे आणि पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण त्याच कसोटीवर लिहिलं आहे.

मग इतिहासात पाहायचं कुठे? पहिली वाट दाखवतो स्कॉटलंडमधल्या बोर्ग गावचा जमीनदार ह्यू ब्लेअर. त्याने काहीही मोठं केलं नाही. १७४७मध्ये त्याच्या धाकट्या भावाने एडिनबरोच्या न्यायालयात दावा लावला, की ह्यूची समज लग्नाचा करार करण्याइतकी नाही, तेव्हा त्याचं लग्न रद्द करावं. वारशाचा प्रश्न होता. एकोणतीस जणांच्या साक्षी झाल्या; शेजारी, नोकर, पाद्री, सगळे बोलले. तो काड्या आणि पिसं गोळा करी, कपड्यांना स्वतःच ठिगळं लावी, चर्चमध्ये ठरलेल्याच जागी बसे, आमंत्रण नसताना प्रत्येक अंत्ययात्रेला जाई, प्रश्न विचारला की तोच प्रश्न उलट म्हणे. इतिहासकार रॅब ह्यूस्टन आणि मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी २०००मध्ये या साक्षींवर पुस्तक लिहिलं. थोरांच्या चरित्रांत जे मिळत नाही ते इथे मिळतं: शपथेवर दिलेल्या, एकमेकांपासून स्वतंत्र, रोजच्या वागण्याच्या साक्षी. आणि त्यातून केवळ ह्यू दिसत नाही. गाव त्याच्याशी कसं वागलं, कुणी हसलं, कुणी शिवून दिलं, कुणी त्याच्या भोळेपणाचा फायदा घेतला, हेही दिसतं.

मराठीत याच्या तोडीचा मजकूर आहे का, हे शोधताना मी तेराव्या शतकातल्या रिद्धपूरला पोचले. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव महानुभाव पंथाची काशी. मराठी भाषा विद्यापीठ अलीकडे तिथेच सुरू झालं. या गावात गुंडम राऊळ, म्हणजे पंथ ज्यांना अवतार मानतो त्या पंचकृष्णांतले श्रीगोविंदप्रभू, राहत. आईवडील लहानपणीच गेल्यावर नातेवाइकांनी त्यांना वाढवलं. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे ते गुरू. त्यांच्या निधनानंतर, १२८८च्या सुमारास, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून ‘ऋद्धिपूरलीळा’ सिद्ध केल्या. मराठी गद्याच्या पहाटेचा हा ग्रंथ. ॲन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९८४मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात राऊळ दिसतात ते दिवसाच्या बारीकसारीक उलाढालीत. ते कुणाच्याही घरात शिरतात, हंड्यातलं काढून खातात. मुलांमध्ये खेळतात, आपल्याशीच हसतात, आपल्याशीच बोलतात. त्यांचे ठरावीक उद्गार पुन्हा पुन्हा येतात आणि नोंदणाऱ्यांनी ते जसेच्या तसे राखले आहेत. एखादा पदार्थ हवा म्हणजे हवाच. शिवाशिवीचा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. मातंगांच्या वस्तीत ते जातात तसेच ब्राह्मणाच्या घरात. गावात त्यांना वेडं म्हणणारे आहेत, आणि त्याच गावात त्यांना मायबाप मानणारे आहेत. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य, महदाइसा आणि इतर मंडळी रिद्धपूरला येऊन त्यांची सेवा करू लागली. त्यांना काय हवं आहे हे ओळखणं हाच त्या सेवेचा मोठा भाग होता. राऊळांना स्वतःचं लग्न लावून घ्यायचं मनात आलं, तेव्हा भोवतालच्यांनी तो सोहळा मांडला, आणि त्यासाठी महदाइसेने धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचले. मराठीच्या आद्य कवयित्रीची रचना अशा प्रसंगातून आली आहे.

गोविंदप्रभूंना ऑटिझम होता, असं मी म्हणत नाही आणि या पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. श्रद्धावंतांसाठी ते परमेश्वराचा अवतार आहेत आणि त्या श्रद्धेशी वाद घालण्याचं मला कारण नाही. इतिहासाच्या बाजूनेही अडचणी आहेत. देवत्व वेडाच्या रूपात प्रकटतं ही कल्पना त्या काळी रूढ होती. भागवतातल्या जडभरताची, अवधूतांची वर्णनं ऐकत वाढलेल्या भक्तांनी जे पाहिलं आणि जे लक्षात ठेवलं त्यावर त्या साच्याचा ठसा असणारच. आठवणी अनेकांच्या तोंडून आलेल्या, पोथ्या पुढे सांकेतिक लिपीत जपलेल्या, नकलांगणिक पाठभेद झालेले. अशा साधनांतून कुणाच्या मेंदूबद्दल निर्णय देणं चुकीचं. पण रिद्धपूरबद्दल हा ग्रंथ जे सांगतो ते घ्यायला कुणाची हरकत नसावी. सगळ्यांसारखं न वागणाऱ्या एका माणसाला गावाने दार बंद केलं नाही. त्याच्या हट्टाचा, त्याच्या शब्दांचा अर्थ लावायला माणसं बसली. त्याला वेडं म्हणणं आणि त्याला जेवू घालणं एकाच गावात चाललं. हेही विसरू नये, की हे एका पुरुषाच्या, ब्राह्मण घरात जन्मलेल्याच्या, पुढे अवतार मानल्या गेलेल्याच्या वाट्याला आलं. त्याच रिद्धपुरात तशाच स्वभावाची मातंगाची मुलगी असती, तर तिच्यासाठी लीळा कुणी लिहिल्या असत्या?

त्या मुलीच्या शोधात पुस्तकाचा तिसरा भाग आहे. १८८१ ते १९३१ या जनगणनांत वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी यांचे वेगळे रकाने असत. बोलू न लागलेलं ऑटिस्टिक मूल कुठल्या रकान्यात गेलं असेल? ऐकू येत असूनही बहिऱ्या-मुक्यांत, किंवा वेड्यांत. १९१२च्या इंडियन लूनसी ॲक्टच्या व्याख्येने जन्मतः बुद्धी कमी मानलेला माणूस आणि पुढे मानसिक आजार झालेला माणूस एकाच शब्दात कोंबले. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथल्या वेड्यांच्या इस्पितळांचे अहवाल वाचताना मधूनच अशा ओळी भेटतात, की रुग्ण शांत असतो, कुणाशी बोलत नाही, एकच काम तासन्‌तास करतो. आकड्यांमागचा तो माणूस कोण हे आता कळणार नाही. तरी तो तिथे आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं. २०११च्या जनगणनेतही ऑटिझमचा स्वतंत्र रकाना नव्हता. म्हणजे ही अडचण जुन्या कागदांपुरती उरलेली नाही.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिल्या भागात निदानाचा इतिहास आणि ज्यांच्यावर तर्क केले गेले त्या थोरांच्या पुराव्यांची छाननी. दुसऱ्यात ह्यू ब्लेअर, रिद्धपूर आणि जंगलात सापडलेला, १८००मध्ये पॅरिसला आणलेला फ्रान्सचा मुलगा व्हिक्टर, ज्याला शिकवण्यासाठी डॉक्टर इतार यांनी अनेक वर्षं खर्ची घातली. तिसऱ्यात जनगणना, कायदे आणि इस्पितळांचे कागद. संपूर्ण पुस्तकात तीन नियम पाळले आहेत. प्रसंग सांगणारा माणूस प्रत्यक्ष तिथे होता का, हे प्रत्येक वेळी नोंदवलं आहे. एका प्रसंगाचे दुसरे अर्थ शक्य असतील तर तेही दिले आहेत. आणि हयात माणसांबद्दल, किंवा ज्यांचे जवळचे नातेवाईक हयात आहेत त्यांच्याबद्दल, कुठलाही नवा तर्क केलेला नाही. अमेरिकेच्या १९६४च्या अध्यक्षीय निवडणुकीतले उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मनःस्थितीवर न भेटताच शेरे मारणाऱ्या डॉक्टरांमुळे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३मध्ये नियम केला, की तपासल्याशिवाय आणि संमतीशिवाय सार्वजनिक व्यक्तीचं निदान सांगू नये. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मला तर हा नियम दुप्पट लागू आहे.

आणखी एक गोष्ट मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं आग्रहाने सांगतात आणि ती मी मनावर घेतली आहे. त्यांना आपले पूर्वज हवे आहेत. आपल्यासारखं याआधी कुणी जगलं, हे कळण्याची भूक आईवडिलांच्या दिलाशाहून वेगळी आहे आणि अधिक खरी आहे. त्यांना आइनस्टाइन नाकारताना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही जबाबदारी या पुस्तकावर होती. ज्याने काड्या आणि पिसं जमवली आणि जो ठरलेल्या जागी बसला, तो ह्यू ब्लेअरही पूर्वज होऊ शकतो. जनगणनेच्या चुकीच्या रकान्यात पडलेली ती सगळी मुलंही.

दिल्लीतल्या आणि गावाकडच्या ज्या पालकांनी आपल्या घरातल्या गोष्टी विश्वासाने सांगितल्या, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेनुसार इथे दिलेली नाहीत. अभिलेखागारात धूळ खाणारे अहवाल काढून देणाऱ्या सहकाऱ्यांची मी ऋणी आहे. या पुस्तकाचा प्रत्येक कच्चा खर्डा ज्याच्या ठरलेल्या वेळापत्रकाला सांभाळून लिहिला गेला, त्या माझ्या मुलामुळे मला कळलं की संयम शिकवता येतो, आणि तो शिकवणारा बरेचदा बोलत नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घराण्यात, वाड्यात, वाडीवर असा कुणी होऊन गेला असेल, एकाच वाटेने चालणारा, न बोलणारा, एकाच गोष्टीत रमलेला, तर त्याची आठवण असणारी म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या. त्याला काय होतं हे ठरवू नका. तो काय खाई, कुठे झोपे, कुणाजवळ शांत होई, त्याला कुणी काम दिलं, कुणी मारलं, आई गेल्यावर त्याचं कुणी पाहिलं, हे लिहा. मोठ्यांची चरित्रं लिहायला पुष्कळ हात आहेत. ही चरित्रं तुम्ही लिहिली नाहीत तर दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि आमच्यामागं कोण बघेल हा प्रश्न विचारणाऱ्या आईला उत्तर देण्यासाठी या देशाने ते आधी कसं केलं, कुठे केलं आणि कुठे केलं नाही, हे माहीत असण्याची गरज आहे.

सरोजिनी नगर, नवी दिल्ली